सांबशिवरावांचे बाराशे ग्रॅम

तंजावूरच्या एका पाणीवाटप कार्यालयात कर्मचाऱ्यांची हजेरी वजनावर घ्यायचे ठरले, तेव्हा वरिष्ठ लिपिक सांबशिवराव यांनी हरकत घेतली नाही. एकतीस वर्षांत त्यांनी कशालाच हरकत घेतली नव्हती. परिपत्रकात म्हटले होते की, अंगठ्याचा ठसा चोरता येतो, सही गिरवता येते, परंतु वजन ज्याचे त्याचेच असते. शिवाय या उपायाने आरोग्यही सुधारेल. सबब प्रत्येकाचे वजन एकदा नोंदवले जाईल आणि रोज येताना व जाताना ते तेवढेच भरले पाहिजे. दोनशे ग्रॅमपर्यंतचा फरक माफ.

नोंदणी शुक्रवारी दुपारी झाली. सांबशिवराव पुतणीच्या लग्नाचे जेवून, पायसम दोनदा घेऊन, थेट काट्यावर चढले. भरले चौऱ्याहत्तर किलो तीनशे ग्रॅम. सोमवारी सकाळी त्र्याहत्तर किलो शंभर भरले आणि यंत्राने लाल दिवा लावला. अशी व्यक्ती या कार्यालयात नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

ते अधिकारी वरुणराव यांच्याकडे गेले.

"सार, मी समोर उभा आहे."

"उभे आहात, ते दिसतंय," वरुणराव म्हणाले. "पण बाराशे ग्रॅम कमी उभे आहात. उरलेले कुठं ठेवलेत?"

"ते लग्नाचं जेवण होतं, सार. माणसाचं वजन सकाळ-संध्याकाळ किलोभर हलतंच."

"कालव्याचं पाणी हलतं, सांबशिवराव. कर्मचारी हलत नाही." त्यांनी नियम वाचून दाखवला. सलग सात दिवस वजन जुळले नाही, तर ती जागा रिकामी समजण्यात येते. सांबशिवरावांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

कार्यालयाने नेमलेली आहारतज्ज्ञ हरिणी सव्वीस वर्षांची होती आणि मनाने चांगली होती. ती म्हणाली, "मामा, जेवणाचं वजन टिकत नाही. स्नायूंचं टिकतं. प्रोटीन खा, व्यायाम करा." त्याच संध्याकाळी सांबशिवरावांच्या पत्नी भामाबाईंनी दोन पातेली हरभरे भिजत घातले. सकाळी हरभऱ्याची कोरडी उसळ, म्हणजे सुंडल, दुपारी मुगाचे, संध्याकाळी पनीर, झोपताना भाजके शेंगदाणे.

"अहो, नवरात्रात नऊ दिवस मिळून आपल्याकडं एवढं सुंडल होत नाही," त्या म्हणाल्या.

सांबशिवराव चावत राहिले. पहाटे ते मोठ्या देवळाच्या कोटाभोवती दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन चालत. चारशे ग्रॅम घामात जात. मग ते बाटल्या पिऊन टाकत. पाचव्या दिवशी वजन सहाशे ग्रॅम जास्त भरले आणि यंत्राने विचारले, सोबत कोणी आहे काय.

ते एकटे नव्हते. रोज दहा वाजता कार्यालयाच्या ओसरीवर कमी भरलेले लोक घटाघटा पाणी पीत आणि जास्त भरलेले उठाबशा काढत. अर्ज घेऊन आलेले शेतकरी हे सगळे बघत बसत. त्यांना वाटे, पाणीवाटपाची हीच नवी पद्धत असावी.

सातव्या दिवशी हिरवा दिवा लागला. सांबशिवराव खुर्चीवर बसले आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली, कारण संध्याकाळी जातानाही तेवढेच भरायचे होते. ताक प्यावे तर वजन वाढे, चालावे तर घटे. मोरीत जाण्यासाठी 'वजनत्याग परवाना' तीन प्रतींत भरावा लागे. फाइल शोधायला वर गेले की घाम येई, म्हणून कोणी वर जाईना. सगळे पंख्याखाली हात मांडीवर ठेवून निश्चल बसत. महिनाअखेर वजनस्थैर्यात हे कार्यालय जिल्ह्यात पहिले आले. वरुणरावांना शाल मिळाली. ती त्यांनी काट्यावर चढण्यापूर्वी काढून ठेवली.

मग एका गुरुवारी धनलक्ष्मी नावाची म्हातारी शेतकरीण आली. तिच्या शेताकडच्या कालव्याच्या फाट्याचे दार उघडायचा हुकूम तीन महिने अडकला होता आणि भाताची रोपे पिवळी पडली होती. तिने पदरातून एक रोप काढून टेबलावर ठेवले.

सांबशिवरावांनी रोपाकडे पाहिले, मग जिन्याकडे. मग ते उठले. सगळ्यांनी माना वळवल्या, तेही बेताने. दोन मजले चढून, तीन कपाटे उपसून त्यांनी फाइल आणली, हुकूम लिहिला, सही केली आणि तहान लागली म्हणून तांब्याभर पाणीही प्यायले. कितीतरी दिवसांनी त्यांना आपण सांबशिवराव आहोत असे वाटले. संध्याकाळी ते तीनशे दहा ग्रॅम कमी भरले. दिवसभराची गैरहजेरी लागली.

गैरहजर माणसाची सही चालत नाही. तोवर फाट्याला पाणी सुटले होते. म्हणून हुकूम रद्द करून धनलक्ष्मीला नोटीस गेली की, मिळालेले पाणी आठ दिवसांत मूळ स्थितीत परत करावे.

नोटीस घेऊन ती वरुणरावांसमोर उभी राहिली. "मग मला कागद दिला तो कोण?" तिने तमिळमध्ये विचारले.

"दप्तरी त्या दिवशी तिथं कोणीच नव्हतं, अम्मा."

म्हातारीने पंख्याखाली बसलेल्या सगळ्या हजर मंडळींवरून नजर फिरवली.

"यांच्याकडं मी तीन महिने येतेय," ती म्हणाली. "तो गैरहजर माणूस कुठं बसतो, तेवढं सांगा. माझ्या जावेचंही काम आहे."

ओसरीवरची शेतकऱ्यांची रांग मनापासून हसली. सांबशिवरावही हसले; त्यात किती ग्रॅम गेले, ते त्यांनी पाहिले नाही. म्हातारी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसली. तिच्यामागे मात्र कोणी आले नाही. काटा रिकामा होता, आणि वजन करायला पैसे पडत नव्हते, म्हणून रांग तिकडे वळली होती. लोक खिशातले काढून ठेवत होते, श्वास रोखत होते, आकडा पटला नाही की उतरून पुन्हा चढत होते. त्या रांगेत तुम्हालाही पाहिल्यासारखे वाटते. चपला तुमच्या हातात होत्या. मग काट्यावर चढण्यापूर्वी त्या तुम्ही खाली ठेवल्या.