मोबाईलवरच्या बारशाचं चूलबंद आवतण

मी दुसरी नापास. पण कुंडल गावात आमच्या घरची अकरा लग्नं आणि चौदा बारशी माझ्या एका आवाजावर पार पडली आहेत. पंगतीत कधी मीठ विसरलं नाही, की कुणी पाव्हणा रुसून गेला नाही. दोघे जण रुसून आले होते, तेसुद्धा हसत गेले! त्यामुळे मोबाईलवर बारसं करायचं ठरलं तेव्हा घरातले सगळे तोंडं सुकवून बसले होते आणि मी एकटी निवांत पानाला चुना लावत होते.

"त्यात काय एवढं?" मी म्हणाले. "माणसं तीच, पाळणा त्योच. नुसती जागा बदलली!"

झालं होतं असं. माझा नातू शिवतेज फौजेत, बर्फातल्या एका चौकीवर. त्याची बायको रेश्मा बाळंतपणाला माहेरी वाईला गेली आणि पोर दीड महिना आधीच आली. मूठभर जीव! दवाखान्यात काचेतून मी एकदाच बघून आले, तर मांजराच्या पिलाला टोपडं घातल्यासारखी दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, एवढ्यात हिला प्रवास नको आणि हिच्याभोवती गर्दी तर नकोच नको. शिवतेजला रजा नाही. त्यानं लेक बघितली ती फोटोत. पण फोटोतली लेक हात हलवत नाही. "आज्जी, मला तिला एकदा जांभई देताना बघायचंय," म्हणाला. एवढंच त्याचं मागणं.

मग माझ्या नातीनं, समीक्षानं, तोडगा काढला. ही शिवतेजची धाकटी बहीण, सांगलीत कॉम्प्युटरच्या ऑफिसात असते, बारशासाठी रजा काढून घरी आली होती. पाळणा वाईत, बाप बर्फात, आत्या आणि आम्ही कुंडलात, आणि सगळे एका लिंकवर! रविवारी सकाळी अकराला. शिवतेज चौकीवरून खाली तळावर येणार, तिथं त्याला अकरा ते अकरा वीस एवढाच वेळ नेट मिळणार. वीस मिनिटं! आमच्याकडं तेवढ्यात पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा बांधून होत नाहीत.

"आज्जी, मी समद्यांच्या मोबाईलवर लिंक पाठवते," समीक्षा म्हणाली. "ज्यानं त्यानं आपापल्या घरात बसून बघायचं. झालं!"

"मोबाईलवर आवतान? आपल्या घरातल्या बाया काय पळून गेल्यात व्हय? कुकू लावल्याबिगर कोण येतंय का कुठं?"

"आगं पण, कुणी यायचंच न्हाई!"

"ते मी सांगते की त्यास्नी. तू मला नगं शिकवूस."

झालं! कुंकवाचा करंडा घेतला, शेजारच्या धोंडुबाईला बरोबर घेतलं आणि दोन दिवसांत साठ-पासष्ट दारं फिरून आले. लिंक समीक्षानं पाठवलीच होती. पण लिंकेला कपाळ थोडंच असतं?

रविवार उजाडला. माझा मुलगा जोतीराम यानं सोप्यात एक खुर्ची मांडली, समोर स्टुलावर मोबाईल. मी नथ घातली, नऊवारी नेसले. घरच्यापुरत्या दोन शेर घुगऱ्या शिजवल्या होत्या. दहा वाजता फाटक वाजलं.

हरिबा! फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. कडक पटका, मिशीला पीळ, मागं बायको, दोन सुना, पाच नातवंडं. त्याच्या मागं आणखी एक घर. त्याच्या मागं आख्खी आळी! साडेदहाला आमचं अंगण हळदीच्या सौद्याला सांगलीचा बाजार भरावा तसं भरलं. आणि पोरंटोरं सोडली तर प्रत्येकाच्या हातात चार्ज केलेला मोबाईल!

जोतीराम घाबरून माझ्याजवळ आला. "आये, ही माणसं हितं कशी?"

"मला काय इचारतूस? अडाणी हायत! मोबाईलवरचं बारसं म्हंजे काय, कळतंय का त्यास्नी?"

धोंडुबाई मागंच उभी होती. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं आक्का, अडाणी कुणाला म्हंताय? दारोदार तुमीच सांगितलंसा की, 'मोबाईलवर बारसं हाय, चूलबंद आवतान बरं का, समद्यांनी या!' म्हून!"

चूलबंद म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना आवतण. त्या दिवशी त्यांनी आपली चूलच पेटवायची नाही. साठ वर्षं आवतण देते आहे. कुंकू लावलं की जीभ आपोआप पुढचं बोलते, बैलाला घरची वाट सांगावी लागत नाही तशी. आता दीडशे-दोनशे माणसं, चुली थंड, आणि घरात घुगऱ्या दोन शेर!

"काय जेवायचं ते मागनं बघू," मी म्हणाले. "आदी बारसं!"

अकरा वाजले. समीक्षानं कार्यक्रम सुरू केला आणि अंगणातल्या प्रत्येकानं आपापला मोबाईल लावला. वाईतून रेश्माचे वडील, आमचे व्याही लालासाहेब, पाळण्याशेजारी दिसायला लागले. ते एकदा खोकले. वाईत ते एकदाच खोकले, पण आमच्या अंगणात ऐंशी वेळा खोकले! मग ऐंशी मोबाईल एकमेकांचं ऐकून असे किंचाळायला लागले की गोठ्यातली म्हैस दावं तोडून उसात गेली.

"आगं, मी दिसतीया!"

"मी बी दिसतीया! तू कुठं हायस?"

"तुज्या शेजारीच की गं!"

धोंडुबाई तर तीन हातांवर बसलेल्या जावेशी मोबाईलवर बोलत होती. एरवी समोरासमोर या दोघींचं चार वर्षं बोलणं नाही!

अकरा वाजून चार मिनिटांनी समीक्षाच्या मोबाईलवर शिवतेजचा मेसेज आला. तिचा चेहरा उतरला. "आज्जी, दादाला आत येता येईना. ह्यात शंभरच जणांची जागा असती. ऐंशी हितलीच, बाकी गावोगावचं पाव्हणं. भरली म्हंतंय."

लेकीच्या बारशाला बाप दाराबाहेर! आणि त्याची जागा अडवून बसलेली माणसं कुठं? तर माझ्या अंगणात, माझ्याच चटयांवर!

"मग काढ की एकेकाला!"

समीक्षानं कुठलंतरी बटण दाबलं. नेमका पहिला गेला हरिबा, आणि त्याची जागा शिवतेजच्या आधी बाहेर ताटकळलेल्या दुसऱ्याच कुणा पाव्हण्यानं पटकावली. हरिबानं मोबाईलकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि उठून उभा राहिला. "मला काढलं! बोलावून काढलं! चला गं समद्या!"

सुना उठल्या, नातवंडं उठली. त्यांच्या मागं त्यांची भावकी उठली. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "हरिबानानाला काढत्यात तिथं आपली काय कथा?" त्यांचंही निम्मं उठलं. पण मोबाईल कुणी बंद करीना! निघाले होते अंगणातून, बसले होते लिंकेतच!

अकरा वाजून नऊ मिनिटं.

आता खरं सांगते. पाव्हण्याला 'जा' म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि 'माझं चुकलं' म्हणायची तर मी येऊच दिली नव्हती. नवरा गेला तोसुद्धा ते ऐकायचा राहून गेला. पण वीस मिनिटांतली नऊ गेली होती. मी जोत्यावर उभी राहिले आणि हात जोडले.

"मंडळी, चुकलं माजं. चूलबंद म्याच म्हणाले. त्यात तुमचा दोष न्हाई. पण तुमी हितं बसलाय म्हून माजा शिवतेज भाईर उभा हाय. अकरा मिन्टं ऱ्हायल्यात त्याची. मग त्यो वर बर्फात जाणार."

फाटकाजवळ पोचलेला हरिबा थांबला. हळूच वळला, आणि फौजेतला आवाज काढून ओरडला, "कुंपनी! मोबाईल... बंद!"

ऐंशी मोबाईल एकदम बंद. दोनशे माणसं आणि एक शिंक नाही.

आणि शिवतेज दिसला. ओठ फुटलेले, गालावर बर्फानं काळे डाग. तिकडं वाईत रेश्मानं पाळण्यातल्या पोरीच्या कानाशी मोबाईल धरला. इकडून समीक्षा कुजबुजली, "कृष्णाई." नाव मी ठरवलेलं. जी नदी वाईच्या घाटाखालून जाते तीच पुढं आमच्याकडं येते, पोरही तशीच येईल. नाव फोनवरून दिलं, पण बायांनी समीक्षाच्या पाठीत धपाटे मात्र खरेच घातले!

त्या आवाजानं पोर जागी झाली. मूठ वर केली. आणि एवढंसं तोंड उघडून चांगली लांबलचक जांभई दिली.

"दिली!" शिवतेज ओरडला. "आज्जी, दिली!"

चार मिनिटं उरली होती. तो म्हणाला, "आज्जी, आंगनात गाव दिसतंय जनू. चार म्हैनं सहाच तोंडं बघतोय. जरा फिरून दाखीव की समद्यास्नी."

मी मोबाईल उचलला आणि अंगणभर फिरले. "ह्यो बघ हरिबा, सलाम ठोकतोय." "व्हय आज्जी, दिसलं नाना. कडक!" "ही धोंडुबाई, नवं लुगडं नेसलीया." "झ्याक दिसतंय, धोंडूआज्जी!" एकूणएक माणूस दाखवला. हरिबा डोळे पुसत होता आणि मिशीला पीळ देतोय असं दाखवत होता. अकरा वीस झाले आणि शिवतेज गेला.

जेवण? घरोघरी चुली पेटल्या. कुणी भाकरी आणल्या, कुणी पिठलं, आणि पंगत आमच्याच अंगणात बसली. आवतण माझं आणि अन्न गावाचं!

संध्याकाळी समीक्षानं रेकॉर्डिंग लावलं. शेवटची चार मिनिटं बघून तिनं तोंडाला पदर लावला; म्हणजे ओढणी. पडद्यावर नुसती माझी नथ! नथ आणि मागं अर्धं नाक. हरिबा नाही, धोंडुबाईच्या लुगड्याचा काठसुद्धा नाही.

"आगं आज्जी, मोबाईल त्यांच्याकडं वळवायचा असतो!"

"त्यांच्याकडं वळवला असता, तर मला त्याचं तोंड कसं दिसलं असतं?"

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. मी गावात कुणाला काही बोलले नाही. हरिबा अजून सांगत फिरतो की त्याचा सलाम बर्फात पोचला.

परवा शिवतेजचा फोन आला तेव्हा मात्र मी विचारलंच. "खरं सांग, त्या दिवशी तुला काय दिसलं रं?"

तो म्हणाला, "आज्जी, नथीतला खालचा एक मोती पडलाय. बघून घे."

बघितलं. पडला होता.