नानांची चुकीची उत्तरं

आमचे नाना रोज मधल्या सुट्टीत एका माणसाला विहिरीत पाडायचे.

माणूस कॉम्प्युटरमधला. देवपुरातल्या आमच्या शाळेत नव्वदीनंतर एक कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत एक खेळ आला. टोपीवाला बुटका दारापाशी जायचा, तिथला पहारेकरी इंग्रजीत फसवं गणित घालायचा. उत्तर बरोबर आलं तर दार उघडायचं. चुकलं की फरशी सरकून बुटका विहिरीत, आणि पहारेकऱ्याचा नवा प्रश्न हजर.

नाना गणिताचे शिक्षक. शब्दाबाबत भारी काटेकोर. साक्रीला एका लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं विचारलं, "अजून एक लाडू?" नाना म्हणाले, "अजून म्हणजे आधी एक दिलेला पाहिजे. प्रश्न दुरुस्त कर." वाढप्यानं घाबरून दोन वाढले.

असा माणूस या खेळात रोज हरायचा. एकदा प्रश्न आला: टोपलीत पाच केळी, त्यातली तीन तुम्ही घेतली, तुमच्याजवळ किती? नानांनी तो मराठीत चिठ्ठीवर उतरवला आणि खेळ तिथंच थांबवून संध्याकाळी चिठ्ठी घरी नेली. दुसऱ्या दिवशी मी, मराठीचा मास्तर, शेजारून हळूच म्हणालो, "नाना, तीन."

"माहीत शे मला," म्हणत त्यांनी पाच दाबलं. बुटका गेला.

असं महिनाभर चाललं. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. नानांकडून दहावीचा वर्ग काढून घ्यावा, असं मुख्याध्यापकांच्या मनात आलं. मला म्हणाले, "एकदा घरी जाऊन बघून या."

संध्याकाळी गेलो. नानांची बायको, आमच्या वहिनी, ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. सात महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून बोलणं जवळजवळ बंद होतं. नाना समोर बसून चिठ्ठी वाचत होते. "चार माणसांनी एका दिवसात भिंत बांधली. तीच भिंत बांधायला आठ माणसांना किती वेळ लागेल?"

मनात मी म्हटलं, शून्य. भिंत तर बांधून झालीय.

वहिनींचे ओठ बराच वेळ नुसते हलले. मग म्हणाल्या, "दोन... दिवस."

"कसे काय?"

"आठ जन... गप्पाच मारतीन."

नानांनी चिठ्ठीवर नीट अक्षरात 'दोन दिवस' लिहिलं.

मला म्हणाले, "पहिले सहा महिने 'पाणी' सोडून शब्द नव्हता. मग ही चिठ्ठी सुरू केली. केळ्यांचं विचारलं तर म्हणाली, पाच, टोपली बी आपलीच शे. आता तिचं उत्तर मी कसं बदलू?"

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगितलं, वर्ग नानांकडेच राहू द्या. मधल्या सुट्टीत नानांनी दोन दाबलं. बुटका पडला.

चिठ्ठी खिशात ठेवत नाना म्हणाले, "आज तूही चल घरी. बुटका पडला सांगितलं की ती म्हणते, मी थापा मारतो. बुटका खरंच पडतो का, हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

गेलो. ओट्यावर वहिनींच्या शेजारी माझ्यासाठी आधीच एक खुर्ची मांडलेली होती.