दोन कोअर, चार कोअर आणि तिसरं कोटेशन

तक्तेसाहेबांनी त्या रविवारी दुकानात नुसतं "हा द्या" म्हटलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण "हा द्या" हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कधी निघालेले नाहीत. (केस कापायला गेले तरी खुर्चीत बसण्याआधी शेजारच्या दुकानातली कात्री बघून येतात.)

तक्तेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसच्या खरेदी विभागात त्यांची हयात गेली आणि तिथे तीन कोटेशन्स मागवून तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय टाचणीदेखील आत येत नाही. एकदा टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीने पेट घेतला. साहेब म्हणाले, "आग विझवायचं नळकांडं मागवलंय. तिसरं कोटेशन यायचंय." शिपायाने हातातला चहा टोपलीत ओतला आणि विषय मिटवला. तेव्हापासून सगळं ऑफिस त्यांना तक्तेसाहेब म्हणतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतं.

तर झालं काय, त्यांच्या बायकोने घर सांभाळता सांभाळता पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर मांडायचं काम शिकून घेतलं होतं. एका प्रकाशकाने तिला मुलांच्या पुस्तकाची काही पानं नमुना म्हणून करायला दिली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायची, आवडली तर कायमचं काम. बाई हरखून गेली होती. पण घरातला कॉम्प्युटर असा, की चित्र एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायला सांगावं आणि आपण कपडे वाळत घालून यावं. परत यावं तर चित्र अजून निघायच्या तयारीत.

"अहो, नवा नको, भारी नको," ती म्हणाली. "चालणारा आणा. लग्नानंतर पहिल्यांदा मला कुणी काम देतंय."

"आजच आणतो!" तक्तेसाहेब म्हणाले. त्यांना खरंच आणायचा होता हो. बायकोवर त्यांचा जीव होता, विश्वास तेवढा तक्त्यावर जास्त होता.

जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानदाराने दोन काळे डबे पुढे ठेवले. दोन्ही जुने, दोन्ही स्वस्त, किंमत सारखीच.

"ह्याचा प्रोसेसर दोन कोअरचा, पण वेग जास्त," दुकानदार म्हणाला. "आणि ह्याचा चार कोअरचा, पण वेग कमी."

"म्हणजे जलद कुठला?"

"काम कुठलं, त्यावर आहे."

"काम पानांचं."

"मग दोन्ही चालतील."

तक्तेसाहेबांना घाम फुटला. 'दोन्ही चालतील' हा शेरा त्यांच्या विभागात शिवीसारखा मानतात.

"म्हणजे असं बघा," दुकानदार समजवायला लागला, "इथे दोन माणसं भराभर काम करतात, आणि इथे चार माणसं सावकाश."

इथे तर घोटाळा वाढलाच. कारण तक्तेसाहेबांच्या विभागात माणसं चारच होती, आणि काम एकटी टायपिस्ट करायची. म्हणजे चार कोअर घेतले तर तीन बसून खाणार की काय? पण दोन घेतले आणि त्यातला एक रजेवर गेला तर? त्यांनी हे सगळे प्रश्न विचारले. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी ते विचारतच होते. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "साहेब, दोन्ही घेऊन जा. वापरून बघा. नको असेल तो परत आणा."

घरी आल्यावर त्यांनी डब्यांवर 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या लावल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की ही तर दोनच कोटेशन्स झाली! म्हणून घरचा जुना कॉम्प्युटर तिसरा उमेदवार म्हणून 'क' झाला.

"अहो, तो तर हरलेलाच आहे," बायको म्हणाली.

"असू दे. नियम म्हणजे नियम."

तिघांना समान न्याय मिळावा म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जुन्या कॉम्प्युटरात त्यांनी वेळोवेळी 'वेग वाढवणारे' कसलेकसले प्रोग्रॅम टाकले होते. एक वेग वाढवणारा, एक त्याच्यावर नजर ठेवणारा, आणि दोघं भांडू नयेत म्हणून तिसरा. तेच सगळे त्यांनी 'अ' आणि 'ब'मध्येही भरले. नाहीतर तुलना न्याय्य कशी होणार?

मग चाचण्या सुरू झाल्या. सुरू व्हायला 'अ' पुढे. चार खिडक्या उघडल्या की 'ब' पुढे. दुसऱ्या दिवशी नेमकं उलट. एका सहकाऱ्याने सांगितलं, "कॅश बघा, कॅश!" तक्तेसाहेब रोख पैसे घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने समजावलं की कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी जागा, तेव्हा ते पैसे खिशात आणि डोकं हातात धरून परत आले. मग त्यांनी गुण द्यायला सुरुवात केली. वेगाचे गुण, विजेचे गुण, पंख्याच्या आवाजाचे गुण. बेरीज केली तर 'अ' आणि 'ब' बरोबरीत! त्यांनी दिसण्याला गुण दिले. दोन्ही डबे काळेच.

बुधवारी बायकोचा धीर सुटला. "अहो, कुठल्या तरी एकावर मला बसू द्या हो! शुक्रवार तोंडावर आलाय."

"निकाल लागेपर्यंत वापरता येणार नाही. उमेदवार आहेत ते."

"आणि माझं काम?"

"त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती आत निघून गेली. आई, म्हणजे तक्तेसाहेबांची आई, खुर्चीतून म्हणाली, "अरे, रडवलंस ना तिला." तक्तेसाहेबांना फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर जे त्यांना सुचायचं तेच सुचलं, की चाचणी आणखी काटेकोर करायला हवी.

गुरुवारी बायको एका शब्दाने बोलली नाही. साहेबांना वाटलं, पद्धत पटली वाटतं.

शुक्रवारी दुपारी ते अर्धी रजा टाकून घरी आले. आता सीलबंद चाचणी! आईने तिन्ही डबे चादरींखाली झाकायचे आणि वर आपल्या मनाने नव्या चिठ्ठ्या लावायच्या. बायकोने चादरीखाली हात घालून तारा जोडायच्या. ते स्वतः पडद्याकडे पाठ करून घड्याळ लावून बसणार, आणि चित्र जागेवर पोचलं की आईने ओरडायचं.

पहिला डबा. बराच वेळ गेला. "झालं!" आई ओरडली.

दुसरा डबा. तक्तेसाहेब नीट मांडी घालत होते, एवढ्यात, "झालं!"

"आई, अजून मी सुरू म्हटलं नाही."

"मग ते चित्र काय मी ढकललं?"

पुन्हा घेतली. पुन्हा तेच. तिसरा डबा तर इतका रेंगाळला की आईला डुलकी लागली आणि बायकोला ओरडावं लागलं.

तक्तेसाहेब ताडकन उठले. इतक्या दिवसांचा घोळ संपला होता! "दुसरा! निर्विवाद दुसरा! अगं, बस बस, अजून संध्याकाळ आहे, होतील पानं!" आणि त्यांनी मोठ्या थाटात चादर ओढली.

खाली घरचा जुना कॉम्प्युटर होता. पुढच्या बाजूला पाच वर्षांपूर्वी त्यांनीच चिकटवलेली चिकटपट्टी तशीच होती.

"हा? हा कसा असेल?" त्यांनी उरलेल्या चादरीही ओढल्या, मग तिन्ही डब्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोअर किती आहेत ह्यात?"

"मला काय ठाऊक," बायको शांतपणे म्हणाली. "काल दुकानदाराला घरी बोलावलं. त्याने आतली धूळ काढली, थोडी मेमरी वाढवली आणि तुमचे ते वेग वाढवणारे सगळे प्रोग्रॅम काढून टाकले. पानं कालच झाली. आज सकाळी देऊन आले. काम मिळालं."

तक्तेसाहेबांना हसावं की रडावं कळेना. बायकोला काम मिळालं याचा आनंद तर खूपच झाला. आणि तक्ता वाया गेल्याचं दुःखही काही कमी नव्हतं.

"अगं, पण मला विचारायचंस तरी! दुकानदाराने दुसरे काही उपाय सुचवले असतील, त्यांची तुलना…"

"सुचवले ना. मी म्हटलं, 'हा द्या.'"

"असं? काही न बघता?"

"न बघता."

आई खुर्चीत हसायला लागली. "बघ, शीक जरा. न बघता घेतलं तरी चांगलं निघतं."

"नेहमी नाही हो आई," बायको चादरींच्या घड्या घालत म्हणाली. "लग्न ठरवतानासुद्धा मी नुसतं 'हा द्या'च म्हटलं होतं."