धुरक्यातला हरितगृह वायू

“पर्यावरणावर अर्धा तास बोलेन, आणि एक जरी इंग्रजी शब्द तोंडातून निघाला तर मिशी उतरवीन!” श्यामकांत दिघ्यांनी दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं. मिशी तशी झुरळाच्या पायाएवढीच होती, पण घोषणा झाली.

दिघे सरकारी नोकरीतले. मुनिरक्याची भाड्याची खोली सोडून नोएडाच्या नव्या सोसायटीत आले, तेव्हा निम्म्या इमारती रिकाम्याच होत्या. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. नोव्हेंबरात धुरकं उतरलं की समोरची इमारत गायब! धुरक्यातलं कुत्रं तेवढं भुंकायचं, हवेलाच दात फुटल्यासारखं.

घरात सराव सुरू झाला.

“बाबा, कर्ब उत्सर्जन म्हणजे गणपतीचं असतं ते?” चेतनाने विचारलं.

“ते विसर्जन!”

“अहो, बाहेर जाऊन ओरडा,” कुमुदताई म्हणाल्या. “दूधवाला दारातूनच पळाला!”

म्हणून दिघे रोज सकाळी माकडटोपी चढवून, तोंडावर मफलर गुंडाळून धुरक्यात फिरू लागले. “हवामान बदल! जागतिक तापमानवाढ!” ‘हरितगृह वायू’पाशी जीभ अडखळायची, म्हणून तो पुन्हा पुन्हा, खच्चून! रिकाम्या इमारतींतून तो शब्द उशिरा परत यायचा, मोडका, कुणा दुसऱ्याच्याच आवाजात. एकदा दिघे गप्प उभे होते, तरी तो आला. ते धावत घरी गेले. व्यायाम म्हणून.

रविवारी तळमजल्यावरच्या हरिदासजींनी त्यांना गाठलं. हे मूळचे पानिपतचे, चादरींचे व्यापारी. चेहरा राखेसारखा.

“दिघे साहब, मेरे भाईसाहब गुज़र गए. पानिपत का फ़ोन बंद है, पर मैं जानता हूँ. रोज़ सुबह धुंध में पुकारते हैं, ‘हरि, गृह आऊँ?’”

दिघ्यांनी धीर करून विचारलं, “भाई होते तो ‘घर’ कहते न?”

“मरने के बाद आदमी शुद्ध बोलता है!” हरिदासजी म्हणाले. “इस मकान पर ही झगड़ा हुआ था. मैंने कहा था, यहाँ कभी मत आना.”

दिघे घाबरून घरी आले. चेतना दात घासता घासता बापाची नक्कल करत होती, “हरिगृहआऊ, हरिगृहआऊ!”

दिघे मटकन खाली बसले. भूत आपणच!

कबूल करायला ते धावले, तर हरिदासजींच्या दाराला कुलूप. पानिपतला गेले, शेजारी म्हणाले. त्याच संध्याकाळी धुरक्याने दिघ्यांचा घसा असा धरला की आवाजच बसला. पुढचे काही दिवस ते रजईत पडून होते. चहासुद्धा खुणेने मागायचे. हरिदासजी भावाचं सुतक धरून बसले असतील, या विचाराने तो चहाही घशाखाली उतरेना.

शेवटी एका सकाळी खाली दिवा दिसला. दिघे भिंत चाचपत गेले. दार उघडलं, तर समोर पलंगावर एक धिप्पाड म्हातारा, मूठभर शेंगदाणे खात!

“ये हैं भाईसाहब!” हरिदासजी रडत रडत हसत होते. “जाकर देखा, तो खाट पर बैठे गाली दे रहे थे! मैं पैर पकड़कर ले आया. अब यहीं रहेंगे.”

दिघ्यांनी सगळा जोर लावून फुसफुसत सांगितलं, “वो आवाज़... मेरी थी.”

दोघे भाऊ पोट धरून हसले.

“आपकी? आपका तो गला बैठा है!” हरिदासजी म्हणाले. “आज सुबह भी पुकारा उसने.”

“मैंने भी सुना,” म्हाताऱ्याने शेंगदाणा तोंडात टाकला. “अच्छी, साफ़ आवाज़ थी.”

दिघ्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर जिना नव्हता, अंगण नव्हतं. नुसतं पांढरं.

“छोड़ आएँ ऊपर तक?” हरिदासजींनी विचारलं.

नको म्हणायला दिघ्यांनी तोंड उघडलं आणि मान होकारार्थी हलली.

कुमुदताईंनी दार उघडलं तेव्हा दोन पानिपतकर दिघ्यांना दंडाला धरून उभे होते. कुमुदताईंनी घाबरून विचारलं, “अगं बाई! काय झालं?”

“काही नाही,” दिघे पुटपुटले, “हवा जरा वाईट आहे.”