घोडीचं दूध आणि गळका रेडिएटर

"बदलायचा कशाला? मी दुरुस्त केलेला रेडिएटर माझ्या पतवंडांनासुद्धा पुरेल!" गोम्बोने छाती ठोकून सांगितलं.

शेजारच्या तंबूतला लुव्सान गोम्बोच्या जुन्या रशियन जीपपुढे वाकून बघत होता. रेडिएटरच्या भोकावर साबण थापलेला, त्यावर घोंगडीचा तुकडा आणि वरून तारेचे वेढे.

"गोम्बो, आधी दुसरा टाकून घे. शहर काय जवळ आहे का?"

"तोवर ऐराग नासेल रे! आणि तिकडे ती माझी वाट बघतेय."

यातलं दुसरं वाक्य ही निव्वळ थाप होती. त्याची बायको न्यामा शाळकरी नातीला सांभाळायला उन्हाळा संपताच उलानबातरला लेकीकडे गेली होती. फोनवर ती भुऱ्या घोडीची चौकशी करायची, कुत्र्याची करायची. परवा तर "आपल्या घोड्यांचं वाटीभर ऐराग मिळालं तर आणखी काय हवं!" म्हणत चक्क रडली. गोम्बो कसा आहे, हे मात्र एकदाही विचारलं नाही! इकडे स्वतःच चहा करून स्वतःलाच वाढताना त्याला भरून यायचं. शेवटी त्याने घोडीच्या त्या आंबवलेल्या दुधाचा भलामोठा कॅन भरला, जनावरं लुव्सानच्या गळ्यात घातली आणि निघाला.

दुपारपर्यंत पतवंडांचा रेडिएटर ढेपाळला! साबण वाहून गेला, जीपने फुस्सकन वाफ सोडली. जवळचं पाणी ओतून संपलं. विहिरीचा पत्ता नाही. उरलं काय? ऐराग!

दुधाचा असा अपमान म्हणजे महापाप. गोम्बोने घाबरत अनामिकेने चार थेंब आभाळाकडे उडवले, "माफी असावी" म्हणाला आणि ऐराग रेडिएटरमध्ये ओतायला घेतलं. नेमका तेव्हाच एक ट्रक थांबला. आतून एक आजीबाई उतरल्या आणि भक्तिभावाने हात जोडून उभ्या राहिल्या.

"देवाला वाहिलेली गाडी वाटतं?"

"नाही हो आजी, गळतेय मेली..."

"लाजू नकोस लेकरा! एवढी श्रद्धा हल्ली राहिलीय कुठे?"

असं म्हणून त्यांनी झग्यातून खदाग, म्हणजे देवाला वाहायचा निळा रेशमी पट्टा काढला आणि थेट रेडिएटरपुढच्या जाळीवर बांधला. त्यांच्या मागून उतरलेल्या दोन सुनांनीही एकेक बांधला. आता श्रद्धेने बांधलेला खदाग सोडायची कोणाची छाती आहे? वारा अडला. इंजिन आणखी तापलं. आणखी ऐराग! ते ओतताना आणखी कोणी बघितलं, आणखी खदाग! एका गृहस्थाने तर बंपरला डोकं टेकवून मुलासाठी नोकरी मागितली.

लेकीच्या इमारतीखाली जीप धापा टाकत पोचली, तेव्हा तिचं नाक-तोंड निळ्या रेशमात गुंडाळलेलं होतं. न्यामा धावत खाली आली. गोम्बोने कॅन उलटा करून दाखवला. एक थेंब पडेल तर शपथ!

"सगळं हिनेच प्यायलं गं," तो रडवेला होऊन म्हणाला.

न्यामा बोनेटजवळ गेली. वाफेला करपलेल्या ऐरागचा वास येत होता. डोळे मिटून ती तो हुंगत राहिली, हुंगता हुंगता तिचे गाल ओले झाले. गोम्बोला आयुष्यात पहिल्यांदा त्या जीपचा हेवा वाटला.

गॅरेजवाल्याने रेडिएटर उघडला आणि आतून चक्क्याचे गोळे काढले.

"काका, हा रेडिएटर आहे की दुधाची किटली? नवाच टाकावा लागेल. मिळेपर्यंत थांबा."

गोम्बो थांबला. चहा न्यामा करायची, न्यामाच वाढायची. या मॉडेलचा रेडिएटर जगात कुठेही शिल्लक नसू दे, असं तो मनातल्या मनात म्हणायचा. तोंडाने मात्र, "जनावरं तिकडे लुव्सानच्या जिवावर! लवकर मिळायला हवा बुवा."

"हं," न्यामा म्हणायची.

एका सकाळी दोघं मांसाचं सारण भरून मोदकांसारखे बूझ वळत बसले होते. गोम्बोचा फोन वाजला. त्याचे हात पिठाने बरबटलेले, म्हणून न्यामाने उचलला. कमी ऐकू येणाऱ्या बापासाठी लेकीने त्या फोनचा आवाज एवढा वाढवून ठेवला होता की खालच्या मजल्यावरही कळावं.

"काका, गाडी तयार! आजच घेऊन जा!"

"रॉंग नंबर," न्यामा म्हणाली आणि फोन बंद करून ठेवला.

"कोण होतं गं?" गोम्बोने विचारलं.

"कोणास ठाऊक. तू हातातल्या कामाकडे बघ."

गोम्बोने हातातल्या कामाकडे बघितलं. बूझ पार वाकडा वळला होता. तो मोडून त्याने पुन्हा सावकाश वळायला घेतला.