जिभेनं ओळखलेला दगड

थेन बॅगलीला दगड ओळखायला भिंग लागत नसे. "जीभ आहे ना!" तो म्हणायचा. आणि पाठीवर ओझं बांधून जनील नि तिच्या वडिलांबरोबर एस्कलांटे नदीच्या घळीत उतरताना त्यानं बेत पक्का केला होता. या जिभेच्या जोरावरच त्या वडिलांकडून लग्नाला होकार मिळवायचा!

वडील म्हणजे ऑरिन टटल. जन्मभर गुरं राखलेली, तोंडाला कायमचं कुलूप. पहिल्या अख्ख्या दिवसात ते एकदाच "हं" म्हणाले, तेही बुटातल्या वाळूला उद्देशून.

थेनच्या जिवाला चैन पडेना. दोन पावलं पुढं, चार मागं, दिसेल त्या थराला जीभ! दुसऱ्या दिवशी त्यानं लाल कड्याची कपची दाताखाली धरली.

"टटलसाहेब, करकर लागली तर गाळाचा दगड, लोण्यासारखा लागला तर चिकणमातीचा. चावून बघा!"

टटलसाहेबांनी चावली. "करकरतोय."

चक्क उत्तर! थेनला आभाळ ठेंगणं झालं. इथं थांबायला हरकत नव्हती, पण थांबेल तो थेन कसला! पुढच्या कपारीत त्याला डिंकासारखं चकाकणारं तपकिरी ढेकूळ दिसलं. त्यानं ते चाटलं. आधी गोड, मग खारट!

"साहेब, आटलेल्या तळ्याचा क्षार! लाखो वर्षांचा! घ्या, घ्या!"

टटलसाहेबांनी खडा गालात धरला. "बरा लागतोय रे, पोरा."

पोरा! थेन हवेतच गेला. साहेबांनी आणखी दोन-चार खडे खिशात टाकले आणि ते पुढं निघाले. थेननं मोठा तुकडा काढायला कपारीत डोकं घातलं. आत काड्या, निवडुंगाचे काटे, लेंड्या, आणि मधोमध एक जाडजूड रानउंदीर त्याच्याकडे बघत बसलेला!

थेननं झटकन डोकं बाहेर काढलं. हे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहतात, तिथंच मुततात आणि ते वाळून दगड होतं, हे त्यानं वाचलेलं होतं. चव तेवढी पुस्तकात दिली नव्हती.

सांगावं? मग 'पोरा' गेलं! न सांगावं? साहेब समोर चघळतायत! मुक्कामावर पोचल्यावरही त्याच्या येरझारा थांबेनात.

"काय झालंय तुला?" चुलीपाशी बसलेली जनील म्हणाली.

"कुठं काय!"

"मग बस की एका जागी!"

तिनं पीच घालून गोड केलं होतं. टटलसाहेबांनी खिशातला खडा चुरला आणि लेकीच्या वाडग्यावर भुरभुरला. "खाऊन बघ. तुझ्या थेननं शोधलंय."

"थँक्यू, डॅडी!" जनीलनं चमचा उचलला.

"नको!" थेन किंचाळला. "उंदराचं मूत आहे ते!"

टटलसाहेबांनी गालातला खडा हळूच थुंकला.

"कधी कळलं तुला?"

"दुपारी, साहेब."

"मी दुपारपासून चघळतोय."

"हो, साहेब."

"मला बोलला नाहीस. हिच्या तोंडाशी गेलं तेव्हा बोंब मारलीस."

थेननं मान खाली घातली. संपलं लग्न!

"म्हणजे तुला माझ्यापेक्षा हिची काळजी जास्त," टटलसाहेब म्हणाले. "मला तेवढंच बघायचं होतं. करा लग्न."

थेन धावत जनीलला मिठी मारायला गेला. "आधी दात घास!" ती ओरडली.

"आणि हे बघा," टटलसाहेब चूळ भरून म्हणाले, "उद्या माझी बहीण गाडी घेऊन न्यायला येईल. तिच्यासमोर अवाक्षर काढू नका. तिच्यासाठी एक खडा राखून ठेवलाय."