वाघमारे सर आणि प्रोटॉनचं दार

वाघमारे सर चहाला आले की कप बशीत ठेवताना श्वास रोखून धरतात. प्रयोगशाळेत दिवसभर केसाहून बारीक काचेची नळी एका पेशीला चिकटवून बसायचं. जरा धक्का लागला की ती सुटते. ती सवय घरीही. माझ्या नवऱ्याला शिंक येणार असं दिसलं, की सर आधी टेबल धरतात.

नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातले हे आमचे शेजारी. पन्नाशीचे, एकटे. सायकल इतकी सावकाश चालवतात की सकाळच्या धुक्यात ती तरंगतेय असं वाटतं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. कळलं नाही तर विचारायला मला लाज नाही. "सर, नक्की काय शोधताय?"

"दार," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आंबटपणा ज्याच्यामुळे येतो तो कण, प्रोटॉन. उंदराच्या पेशीत तो शिरतो, प्रवाह मला दिसतो. पण कुठल्या प्रथिनातून शिरतो? एकेक जनुक बंद करतो. प्रवाह काही थांबत नाही. मग त्या जनुकाला म्हणतो, माफ करा, तुम्हाला उगाच त्रास दिला."

"जनुकाला अहो-जाहो?"

"ओळख नाही ना अजून!"

जूनच्या आत दार सापडलं तरच नोकरीला मुदतवाढ. मार्चमधल्या एका बुधवारी सर पेढे घेऊन आले. एक जनुक बंद केलं आणि प्रवाह शून्य!

शनिवारी पुन्हा आले. चहा नको म्हणाले.

"आनंदात जनुक बंद न केलेल्या साध्या पेशी तपासल्याच नव्हत्या. त्यांच्यातही शून्यच. पेशींवर द्रावण सोडायच्या नळीत आदल्या दिवशीचं जस्त राहिलं होतं, त्यानं प्रोटॉन अडतात. बॉसना कळवून टाकलं."

"कळवलंत? अहो, जूनपर्यंत गप्प बसायचं!"

"भलत्याच्याच नावाची पाटी कशी लावू, ताई?"

"पण तुम्ही तर ती नळी रोज अर्धा-अर्धा तास धुता."

"मंगळवारी राहिली."

मंगळवार. नवरा दौऱ्यावर, मी फेल्डहोवनला चिपच्या कारखान्यात, धूळबंद क्लीनरूममध्ये, फोन बाहेर कपाटात. माझ्या लेकीला, सईला, शाळेत उलट्या झाल्या, तेव्हा शाळेनं दुसरा नंबर लावला, सरांचा. मी पोचले तर ती त्यांच्या सोफ्यावर झोपलेली, सर खाली जमिनीवर बसलेले. मी थँक्यू म्हणून मोकळी झाले होते.

"सर, त्या दिवशी सुट्टी आहे म्हणालात ना?"



"इतक्या वर्षांत शाळेतून मला पहिल्यांदाच फोन आला हो," ते म्हणाले. "शाळेच्या दारात बाईंनी विचारलं, सईचे तुम्ही कोण? मी म्हटलं, घरचाच."